छातीच्या एक्स-रेवरून जन्मजात हृदयदोष कसा ओळखावा

दर हजार जिवंत जन्मांमागे साधारण ८ ते ९ बाळांच्या हृदयात जन्मतःच काही ना काही दोष असतो. त्यांतले बरेच दोष किरकोळ असतात आणि काही आपोआप बरेही होतात. काही मात्र पहिल्या दिवसांत किंवा आठवड्यांत ओळखले गेले नाहीत, तर बाळ हाती लागत नाही. निश्चित निदान टू-डी इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवरच होते, याबद्दल दुमत नाही. परंतु तालुक्याच्या रुग्णालयात, रात्रीच्या वेळी, दम लागलेले बाळ समोर असताना लहान मुलांचा इको करणारा तज्ज्ञ बहुधा दुसऱ्या शहरात असतो, आणि एक्स-रेची फिल्म मात्र थोड्याच वेळात हाती येते. त्या फिल्मवर काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि किती विश्वास ठेवावा, हे इंटर्न, बालरोग विभागातील निवासी डॉक्टर आणि ग्रामीण रुग्णालयांतील वैद्यकीय अधिकारी यांच्यासाठी येथे मांडले आहे.

शिकाऊ डॉक्टर फिल्म हातात घेताच हृदयाचा आकार पाहतात आणि पाठ्यपुस्तकातल्या चित्राशी तो जुळतो का, हे शोधू लागतात. बुटासारखे हृदय, दोरीवरचे अंडे, बर्फाचा बाहुला ही चित्रे परीक्षेत हमखास येतात, पण नवजात बाळाच्या फिल्मवर ती क्वचितच स्पष्ट दिसतात, आणि दिसत नाहीत म्हणून दोष नाही असे समजणे धोक्याचे ठरते. माझे आग्रहाचे सांगणे असे, की आधी फुप्फुसांतील रक्तवाहिन्या वाचाव्यात, त्या वाचनाला बाळाच्या शरीरातील प्राणवायूच्या प्रमाणाची जोड द्यावी, आणि हृदयाच्या आकाराकडे त्यानंतर वळावे. रक्त फुप्फुसात जास्त जात आहे, कमी जात आहे, की तेथून परत येताना अडत आहे, या एका प्रश्नाचे उत्तर मिळाले तर दोषाचे नेमके नाव कळले नाही तरी बाळावर काय करायचे ते बहुतेक वेळा ठरते.

फिल्म वाचण्याजोगी आहे का?

लहान बाळाची फिल्म बहुधा उताणे झोपवून, समोरून किरण सोडून काढलेली असते. अशा एपी फिल्मवर हृदय प्रत्यक्षापेक्षा मोठे दिसते. त्यात बाळ रडत असेल आणि श्वास सोडलेल्या क्षणी फिल्म निघाली असेल, तर निरोगी हृदयही अवाढव्य वाटते आणि फुप्फुसे गढूळ दिसतात. म्हणून प्रथम श्वास मोजावा. उजव्या बाजूला मध्यपटलाच्या घुमटाच्या वर पाठीकडच्या ८ बरगड्या दिसत असतील, तर तान्ह्या बाळासाठी श्वास पुरेसा आहे. ६ किंवा ७ च दिसत असतील, तर हृदयाच्या आकाराविषयी काहीही लिहू नये. शक्य असल्यास फिल्म पुन्हा काढावी.

त्यानंतर बाळ वळलेले आहे का ते पाहावे. दोन्ही बाजूंच्या बरगड्यांची पुढची टोके मणक्यापासून सारख्या अंतरावर असावीत. बाळ एका बाजूला वळलेले असेल, तर हृदयाची एक कडा उगाच फुगलेली दिसते आणि एका फुप्फुसातील रक्तवाहिन्या दुसऱ्यापेक्षा ठळक वाटतात. तिसरी गोष्ट म्हणजे बाळ पाठीतून मागे झुकलेले नाही ना, हे पाहणे. तसे असेल तर पुढच्या बरगड्या वर चढलेल्या दिसतात आणि हृदयाचे टोकही खोटेच वर उचललेले भासते. टेट्रॅलॉजी ऑफ फॅलोची, म्हणजे फुप्फुसांना रक्त कमी पडून बाळ निळे पडणाऱ्या दोषाची, चुकीची शंका येण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. शेवटी किरणांची मात्रा. फिल्म फार काळी असेल तर रक्तवाहिन्या पुसल्या जातात आणि फुप्फुसे रिकामी वाटतात. डिजिटल फिल्मवर पडद्यावर उजेड कमी-जास्त करून पाहता येते, तरी हृदयामागचे मणके जेमतेम दिसत असावेत ही जुनी खूण आजही उपयोगी आहे.

बाजूची खूण, जठर, यकृत आणि महाधमनीची कमान

फिल्मवरील डाव्या-उजव्या बाजूची खूण वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. ती नसेल तर तंत्रज्ञाकडे खात्री करून घ्यावी, कारण हृदय उजवीकडे आहे की फिल्म उलटी लावली आहे, हे खुणेशिवाय ठरवता येत नाही.

हृदयाचे टोक, जठरातील हवेचा फुगा आणि महाधमनीची कमान या तिन्ही गोष्टी डावीकडे आणि यकृत उजवीकडे, ही नेहमीची रचना. सगळेच आरशातल्यासारखे उलटे असेल, तर हृदयात दोष असण्याची शक्यता फारशी जास्त नसते. परंतु जठर डावीकडे आणि हृदयाचे टोक मात्र उजवीकडे, असा विसंवाद दिसला तर बहुतेक बाळांत हृदयाच्या आतील रचनाही बिघडलेली असते. हा निष्कर्ष काढण्याआधी उजवे फुप्फुस लहान किंवा आक्रसलेले नाही ना, आणि डावीकडून मध्यपटलाच्या हर्नियाने हृदय ढकललेले नाही ना, हे पाहायला हवे. यकृत मधोमध आडवे पसरलेले आणि जठर कोठेही, अशी फिल्म असेल तर प्लीहा नसण्याची किंवा अनेक छोट्या प्लीहा असण्याची शक्यता असते. अशा बाळांचे हृदयदोष सहसा गुंतागुंतीचे असतात. म्हणूनच छातीच्या फिल्ममध्ये पोटाचा वरचा भाग आला पाहिजे, असे तंत्रज्ञाला आवर्जून सांगावे.

तान्ह्या बाळात कमान थेट दिसत नाही, कारण वर थायमस ग्रंथीची सावली असते. तेव्हा श्वासनलिकेकडे पाहावे. कमान ज्या बाजूला, त्या बाजूने श्वासनलिका किंचित दाबली जाते आणि विरुद्ध बाजूला सरकते. निरोगी बाळात ती थोडी उजवीकडे झुकलेली असते. डावीकडे झुकलेली दिसली तर कमान उजवीकडे असल्याचा संशय घ्यावा. टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो असलेल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांत कमान उजवीकडे असते, आणि ट्रंकस आर्टिरिओसस या दोषात (ज्यात महाधमनी आणि फुप्फुस धमनी यांऐवजी एकच मोठी वाहिनी हृदयातून निघते) हे प्रमाण त्याहूनही जास्त असते. निळसर बाळ आणि उजवी कमान ही जोडी दिसली, की हृदयदोष जवळजवळ गृहीत धरून पुढची तयारी करावी.

थायमस ग्रंथीचा चकवा

पहिल्या २ ते ३ वर्षांत छातीच्या वरच्या मध्यभागी दिसणारी रुंद सावली बहुतेक वेळा थायमस ग्रंथीची असते. ती हृदयाच्या सावलीत मिसळते आणि हृदय मोठे असल्याचा भास होतो. ओळखण्याच्या खुणा अशा: तिची कडा बरगड्यांच्या दाबामुळे हलकी नागमोडी असते, उजवीकडे कधी शिडासारखा त्रिकोण दिसतो, तिच्या आडून रक्तवाहिन्या दिसत राहतात, आणि ती मऊ असल्याने श्वासनलिकेला ढकलत नाही. बाजूने काढलेल्या फिल्मवर ती उरोस्थीच्या मागची जागा भरून टाकते.

ग्रंथी नसणे हीही माहितीच आहे. आजारी, तणावाखाली असलेल्या बाळात ती झपाट्याने आक्रसते. परंतु पहिल्याच दिवशीच्या फिल्मवर वरचा मध्यभाग अरुंद आणि मोकळा दिसत असेल, तर दोन गोष्टी मनात आणाव्यात. एक, महाधमनी आणि फुप्फुस धमनी यांची अदलाबदल, ज्यात ग्रंथी आक्रसते आणि दोन्ही मोठ्या वाहिन्या एकीमागे एक आल्याने हृदयाचा देठ बारीक दिसतो. दुसरी, २२व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असणे, ज्यात ग्रंथी मुळातच नसते किंवा लहान असते आणि सोबत ट्रंकस, तुटलेली महाधमनीची कमान किंवा टेट्रॅलॉजी आढळते. या दुसऱ्या शक्यतेत रक्तातील कॅल्शियमही तपासावे, कारण ते कमी असल्यास बाळाला झटके येऊ शकतात.

फुप्फुसांतील रक्तवाहिन्या

हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि तो घाईत वाचता येत नाही. मोठे दिवे थोडे मंद करावेत, फिल्म व्ह्यू-बॉक्सवर किंवा चांगल्या पडद्यावर लावावी, आणि तीन ठिकाणी नजर ठेवावी.

पहिले ठिकाण उजव्या हायलमचे, म्हणजे धमन्या आणि श्वासनलिकेच्या फांद्या फुप्फुसात शिरतात त्या जागेचे. तेथून हृदयाच्या उजव्या कडेच्या बाहेरून खाली उतरणारी फुप्फुस धमनी शोधावी आणि तिची रुंदी श्वासनलिकेच्या रुंदीशी ताडून पाहावी. धमनी श्वासनलिकेहून रुंद असेल, तर फुप्फुसात रक्त जास्त जात आहे. या खुणेची सोय अशी, की तुलना त्याच बाळाच्या श्वासनलिकेशी होते. त्यामुळे वय, वजन किंवा फिल्मचे मोठे-लहान होणे आड येत नाही.

दुसरे ठिकाण हायलमच्या जवळचेच. काही धमन्या आपल्याकडे तोंड करून येतात आणि पांढऱ्या ठिपक्यासारख्या दिसतात. त्यांच्या शेजारी श्वासनलिकेची फांदी कड्यासारखी दिसते. ठिपका आणि कडे जवळपास सारखे असावेत. ठिपका कड्याच्या मानाने ठळक मोठा असेल तर रक्तप्रवाह वाढलेला, आणि ठिपका सापडतच नसेल किंवा अगदी बारीक असेल तर कमी झालेला.

तिसरे ठिकाण फुप्फुसाचा बाहेरचा एक तृतीयांश भाग. निरोगी बाळात येथे रक्तवाहिन्या जवळजवळ दिसत नाहीत. तेथपर्यंत त्या स्पष्ट रेषांनी पोहोचत असतील, किंवा मध्यपटलाच्या घुमटाखाली, यकृताच्या सावलीतूनही त्या डोकावत असतील, तर रक्तप्रवाह वाढलेला आहे. मात्र फुप्फुसांकडे जाणारा प्रवाह शरीराकडे जाणाऱ्या प्रवाहाच्या सुमारे दुप्पट होईपर्यंत ही वाढ फिल्मवर नीट उमटत नाही. त्यामुळे लहान छिद्र असलेल्या बाळाची फिल्म पूर्णपणे निरोगी दिसते, आणि तसा अहवाल देणे बरोबरच असते. फक्त त्या अहवालात ‘हृदयदोष नाही’ असे लिहू नये.

वाढलेला प्रवाह आणि अडलेला प्रवाह यांतील फरक कडांवरून कळतो. धमन्यांत रक्त जास्त असेल तर रेषा जाड पण रेखीव असतात. परतीचा प्रवाह अडला आणि शिरांत रक्त तुंबले, तर त्याच रेषांच्या कडा धूसर होतात, हायलमभोवती धुके जमल्यासारखे दिसते, बाहेरच्या कडेला फुप्फुसावरणाला काटकोनात छोट्या आडव्या रेषा उमटतात आणि फुप्फुसाच्या खंडांमधील फट पाण्याने जाड होते. मोठ्या माणसांत वरच्या भागातील शिरा फुगणे ही खूण आपण शिकतो. उताण्या बाळात ती ग्राह्य धरू नये.

कमी प्रवाहाची फिल्म पाहताना फुप्फुसे ‘फारच स्वच्छ’ वाटतात, आणि येथेच फसगत होते. निळसर बाळाची फुप्फुसे स्वच्छ दिसली की फुप्फुसे चांगली आहेत असे समाधान मानले जाते, वास्तविक तेथे रक्तच पोहोचत नसते. एक अपवाद लक्षात ठेवावा. फुप्फुस धमनीची झडपच तयार झालेली नसेल, तर महाधमनीतून निघालेल्या आडवाटेच्या वाहिन्या फुप्फुसांना रक्त देतात. अशा फिल्मवर हायलममध्ये नेहमीची फांद्यांची रचना नसते. बारीक, वेड्यावाकड्या वाहिन्यांचे जाळे दिसते आणि दोन्ही फुप्फुसांत ते सारखे नसते.

हृदयाचा आकार आणि कडा

हृदयाची सर्वांत मोठी आडवी रुंदी भागिले छातीची आतील सर्वांत मोठी रुंदी, हे गुणोत्तर काढावे. नवजात बाळात ते ०.६० पर्यंत, तान्ह्या बाळात ०.५५ पर्यंत आणि मोठ्या मुलात ०.५० पर्यंत चालते. आकडा नोंदवताना फिल्म एपी आहे की पीए (पाठीमागून किरण सोडून काढलेली), हेही लिहावे, कारण त्यावाचून आकड्याला अर्थ नाही.

डावे अलिंद मोठे झाले तर उजव्या कडेच्या आत दुसरी सावली दिसते आणि श्वासनलिकेच्या दुभाजनाचा कोन रुंदावून डावी मुख्य फांदी वर उचलली जाते. तान्ह्या बाळात यांपैकी फांदीची खूण अधिक भरवशाची. उजवे अलिंद मोठे झाले तर उजवी कडा बाहेर फुगते. डावे निलय मोठे झाले तर टोक खाली व बाहेर जाते. उजवे निलय जाड झाले तर टोक वर उचलले जाते. डाव्या कडेवर महाधमनीच्या खाली मुख्य फुप्फुस धमनीचा उंचवटा असतो. तेथे उंचवट्याऐवजी खळगा असेल तर ती धमनी अरुंद आहे. उलट तो फुगलेला असून फुप्फुसातील वाहिन्या मात्र नेहमीसारख्या असतील, तर अरुंद झडपेच्या पुढे धमनी फुगल्याची ती खूण असते.

प्राणवायूच्या आकड्याची जोड

पल्स ऑक्सिमीटर उजव्या हाताला आणि कोणत्याही एका पायाला लावावा. जन्मानंतर २४ तासांनी दोन्हीकडे प्राणवायूचा आकडा ९५ टक्क्यांच्या खाली असेल, किंवा हात आणि पाय यांत ३ हून जास्त फरक असेल, तर तपासणी पुन्हा करून इकोची व्यवस्था करावी. ९० च्या खाली असेल तर वाट पाहू नये. हा आकडा आणि रक्तवाहिन्यांचे वाचन एकत्र ठेवले, की शक्यता फार थोड्या उरतात.

समजा, ३ महिन्यांचे बाळ आहे. दूध ओढताना थकते, कपाळाला घाम येतो, वजन वाढत नाही आणि न्यूमोनिया म्हणून दुसऱ्यांदा दाखल झाले आहे. आकडा ९७. फिल्म सरळ आहे, ८ बरगड्या दिसतात, गुणोत्तर ०.६४. उजवी उतरती धमनी श्वासनलिकेहून रुंद, वाहिन्या बाहेरच्या कडेपर्यंत रेखीव पोहोचलेल्या, टोक खाली व बाहेर, डावी मुख्य फांदी वर उचललेली आणि डाव्या बाजूला हृदयामागे थोडे फुप्फुस मिटलेले. हे मिटलेले फुप्फुस न्यूमोनिया म्हणून वाचले जाते, पण फुगलेल्या डाव्या अलिंदाने आणि धमनीने श्वासनलिकेची फांदी दाबल्यानेही ते मिटते. आकडा चांगला, प्रवाह वाढलेला, डावी बाजू मोठी. याचा अर्थ निलयांमधील पडद्याला मोठे छिद्र, म्हणजे व्हीएसडी, किंवा उघडी राहिलेली डक्टस (महाधमनी आणि फुप्फुस धमनी यांना जोडणारी, जन्मानंतर बंद होणारी वाहिनी), म्हणजे पीडीए. महाधमनीचा उंचवटा ठळक असेल तर पीडीएकडे झुकावे. याच बाळाची पहिल्या आठवड्यातली फिल्म निरोगी असेल, तर त्यात विसंगती नाही: जन्मानंतर फुप्फुसांतील दाब ४ ते ८ आठवड्यांत उतरतो, आणि तो उतरल्यावरच छिद्रातून रक्त फुप्फुसांकडे लोटू लागते.

आकडा चांगला, प्रवाह वाढलेला, पण डावे अलिंद नेहमीसारखे आणि उजवी बाजू मोठी असेल तर अलिंदांमधील पडद्याचे छिद्र, म्हणजे एएसडी. हे मूल बहुधा शाळकरी वयाचे असते आणि त्याला विशेष त्रास नसतो.

आकडा कमी आणि प्रवाहही कमी, तर टेट्रॅलॉजी आणि तिच्या जवळचे दोष. एतिएन-लुई फॅलो या फ्रेंच डॉक्टरांनी १८८८ मध्ये या दोषाचे सविस्तर वर्णन केले. त्यात हृदय मोठे नसते. डाव्या कडेवर खळगा आणि उचललेले टोक यांमुळे बुटाचा आकार येतो. आकडा आणि प्रवाह दोन्ही कमी पण हृदय प्रचंड, छातीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पोहोचलेले, असे दिसले तर एब्स्टाइनचा दोष, ज्यात त्रिदली झडप खाली सरकलेली असते आणि उजवे अलिंद अवाढव्य होते.

आकडा कमी आणि प्रवाह वाढलेला, हा गट ओळखायला अवघड आणि महत्त्वाचा. यात मोठ्या वाहिन्यांची अदलाबदल, ट्रंकस, आणि फुप्फुसांच्या शिरा भलतीकडे जोडलेल्या असणे हे दोष येतात. अदलाबदल असलेल्या बाळाची पहिल्या दिवसांतली फिल्म पुष्कळदा निरोगी दिसते. गडद निळे बाळ आणि साधी फिल्म हाच तेथे सुगावा असतो. शिरा वरच्या बाजूला जोडल्या गेल्यास दिसणारा बर्फाच्या बाहुल्याचा, म्हणजे इंग्रजी आठच्या आकड्याचा आकार काही महिन्यांनंतर स्पष्ट होतो. तान्ह्या बाळात थायमस ग्रंथी आणि हृदय मिळूनही तसाच आकार होतो, म्हणून त्या वयात त्यावर विसंबू नये.

बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टाउसिग यांनी १९३० च्या दशकात निळ्या बाळांचा अभ्यास केला, तेव्हा इको नव्हता. त्यांना ऐकू कमी येत असे, त्यामुळे हाताचा स्पर्श आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर फिरवून पाहिलेले हृदय यांवर त्यांची मोठी भिस्त होती. फुप्फुसांना रक्त कमी पडणे हाच यांतील अनेक बाळांचा खरा प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखले आणि त्यातून १९४४ मध्ये शल्यचिकित्सक आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्या हातून फुप्फुसांना जादा रक्त पुरवणारी पहिली शस्त्रक्रिया झाली. ती जोडणी तयार करण्यात ब्लेलॉक यांचे प्रयोगशाळेतील सहायक व्हिव्हियन थॉमस यांचा मोठा वाटा होता. शेजारी ठेवलेल्या दोन निरीक्षणांतून किती दूर जाता येते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

लहान हृदय आणि पांढरी फुप्फुसे

हृदयदोष म्हणजे मोठे हृदय, हा समज जिवावर बेततो. पूर्ण दिवसांचे बाळ, जन्मानंतर काही तासांतच धाप, आकडा ७० ते ८० च्या आसपास. फिल्मवर फुप्फुसे काच घासल्यासारखी धूसर, त्यांत बारीक जाळीदार रेषा, आणि हृदय नेहमीच्या आकाराचे किंवा लहान. अहवालात बहुधा फुप्फुसांच्या अपरिपक्वतेचा किंवा जंतुसंसर्गाचा उल्लेख होतो, सरफॅक्टंट (फुप्फुसे उघडी ठेवणारे औषध) दिले जाते, व्हेंटिलेटरचे दाब वाढवले जातात आणि बाळ सुधारत नाही.

फुप्फुसांच्या शिरा खाली, यकृताकडे जोडलेल्या आणि वाटेत अडलेल्या असल्या, तर नेमके हेच दिसते. शिरांत रक्त तुंबून फुप्फुसांत पाणी होते, पण हृदयाकडे रक्त पुरेसे येत नसल्याने ते वाढत नाही. पूर्ण दिवसांच्या बाळात अपरिपक्वतेची फिल्म दिसणे हेच मुळात खटकले पाहिजे. धूसरपणात श्वासनलिकेच्या हवेने भरलेल्या फांद्या उठून दिसत नसतील, फुप्फुसावरणात थोडे पाणी असेल आणि प्राणवायू वाढवूनही आकडा चढत नसेल, तर त्याच तासात इको मागवावा. या दोषावर शस्त्रक्रिया हाच उपाय आहे. डक्टस उघडी ठेवणारे प्रोस्टाग्लँडिन इतर अनेक निळ्या बाळांचे प्राण वाचवते, पण येथे त्याने फुप्फुसांतील तुंबणे वाढू शकते. म्हणून ते सुरू करण्यापूर्वी बालहृदयरोगतज्ज्ञाशी फोनवर बोलून घ्यावे.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी राखाडी पडलेले, हातपाय गार झालेले बाळ ही वेगळी गोष्ट. तेथे हृदय मोठे आणि फुप्फुसे तुंबलेली दिसतात. डक्टस बंद होताच शरीराचा रक्तपुरवठा थांबतो, अशा डाव्या बाजूच्या अडथळ्यांचे हे चित्र असते. फिल्म पाहताना एक हात जांघेतील नाडीवर असावा. ती लागत नसेल तर महाधमनी आक्रसलेली असू शकते. येथे प्रोस्टाग्लँडिन तातडीने लागते, आणि त्याने श्वास थांबू शकतो म्हणून श्वासनलिकेत नळी घालण्याची तयारी ठेवावी लागते.

हाडे

बरगड्यांच्या ११ च जोड्या आणि बाजूच्या फिल्मवर उरोस्थीच्या वरच्या भागात दोन अस्थिकेंद्रे दिसली, तर डाउन सिंड्रोमचा विचार करावा आणि त्यासोबत येणाऱ्या, अलिंदे व निलये यांच्या मधल्या सामाईक छिद्राचाही. अर्धवट मणके दिसले तर अन्ननलिका, मूत्रपिंडे आणि हृदय, तिन्ही तपासावीत. मोठ्या मुलात उच्च रक्तदाब असेल, तर ३ऱ्या ते ८व्या बरगड्यांच्या खालच्या कडा पाठीकडून पाहाव्यात. आक्रसलेल्या महाधमनीला वळसा घालणाऱ्या रक्तवाहिन्या तेथे खाचा पाडतात. पहिल्या दोन बरगड्यांच्या धमन्या महाधमनीपासून निघत नसल्याने त्या सुटतात. ५-६ वर्षांच्या आत या खाचा क्वचितच दिसतात.

अहवाल आणि पुढची पाठवणी

अहवालात दोषाचे नाव ठोकून देण्यापेक्षा निरीक्षणे क्रमाने लिहावीत. उदाहरणार्थ: ‘एपी, उताणी, श्वास पुरेसा, वळलेली नाही. जठर व टोक डावीकडे, कमान बहुधा उजवीकडे. हृदय-छाती गुणोत्तर ०.५४. मुख्य फुप्फुस धमनीच्या जागी खळगा. दोन्ही फुप्फुसांत रक्तप्रवाह कमी. आकडा ७८. प्रवाह कमी असलेल्या निळ्या हृदयदोषाची दाट शक्यता, तातडीने इको.’ हे वाचून पलीकडचा तज्ज्ञ बाळ पोहोचण्यापूर्वीच तयारी करू शकतो. फिल्म निरोगी असली तरी मर्मर (हृदयातून ऐकू येणारा जादा आवाज), कमी आकडा किंवा न लागणारी जांघेतील नाडी यांपैकी काहीही असल्यास इको टाळू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघर येथून झाली आणि जन्मजात हृदयदोष त्याच्या यादीत आहेत. त्यामुळे तातडी नसलेल्या मुलाला तपासणी पथकामार्फत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवता येते, आणि पालकांना खर्चाच्या भीतीने घरी परतू देण्याचे कारण उरत नाही. निळसर किंवा धाप लागलेल्या बाळासाठी मात्र हा मार्ग नव्हे. त्याला थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात हलवावे. मोबाइलवर फोटो पाठवताना बाळाचे नाव झाकावे, खोलीतील दिवे बंद करावेत म्हणजे फिल्मवर चकाकी येत नाही, फोन फिल्मसमोर सरळ धरावा, आणि बाजूची खूण, दोन्ही खांदे व जठरातील हवेचा फुगा चौकटीत आले आहेत याची खात्री करावी. मूळ फिल्म किंवा तिची डिजिटल प्रत बाळासोबतच्या कागदांत द्यावी, आणि त्या कागदांवर फिल्म काढली त्या वेळी बाळाला किती प्राणवायू चालू होता तेही लिहावे.